पाटी दाराबाहेर, माणूस दाराच्या आत

पाट्या वाचायच्या नसतात, फक्त लावायच्या असतात, असा आपल्याकडे एक अलिखित नियम आहे. होस्टेलच्या गेटवर 'रात्री दहानंतर प्रवेश बंद' लिहिलेलं असतं आणि बरोब्बर त्याच पाटीखाली साडेअकराला चौघेजण वडापाव खात उभे असतात. मेसमध्ये 'अन्न वाया घालवू नका' या पाटीच्या शेजारीच उष्ट्याचा ड्रम ठेवलेला असतो. वर्कशॉपच्या भिंतीवरच्या 'सुरक्षा चष्मा वापरा' या पाटीवर तर ग्राइंडिंगच्या धुळीचा इतका थर बसलाय, की ती पाटी वाचायलाच चष्मा लागेल! पुणेरी पाट्या आपण वाचतो, त्यांचे फोटो काढून एकमेकांना पाठवतो, खो खो हसतो. पण हसायला वाचलेली पाटी वेगळी आणि पाळायला वाचलेली पाटी वेगळी.

मित्रांनो, या लेखात मी एका अशा पाटीबद्दल लिहिणार आहे जी तुमच्यापैकी फारच थोड्यांनी पाहिली असेल. ती असायला हवी दातांच्या दवाखान्याच्या आतल्या खोलीच्या दारावर. पिवळा त्रिकोण, काळी किनार, मधोमध सूर्यासारखे फुटलेले काळे किरण आणि त्यातून एका बाजूला गेलेली एक लांब रेघ. ही लेझरची आंतरराष्ट्रीय खूण. आयएसओ ७०१० या मानकात तिचा क्रमांक आहे डब्ल्यू ००४.

दातांच्या दवाखान्यात लेझर कशाला, असा प्रश्न पडणं साहजिक आहे. आपल्याला दातांचा दवाखाना म्हटलं की ते घूंऽऽ करणारं ड्रिल आठवतं आणि अंगावर काटा येतो. पण लेझर आणि दात यांची ओळख फार जुनी. थिओडोर मैमन यांनी १६ मे १९६० रोजी अमेरिकेत मॅलिबू इथे माणकाच्या स्फटिकातून पहिला लेझर किरण काढला आणि दशकाच्या मध्यापर्यंत संशोधकांनी तो किरण दातावर मारूनही पाहिला. (माणसाच्या हाती नवीन खेळणं आलं की तो ते सगळीकडे लावून पाहतो, आपल्या सोल्डरिंग गनसारखंच.) १९९० मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने हिरडीच्या कामासाठी एनडी-यॅग लेझरला मान्यता दिली, १९९७ मध्ये एर्बियम-यॅगला दात कोरण्यासाठी. आज छोट्या दवाखान्यात सर्वांत जास्त दिसतो तो डायोड लेझर. टेबलावर मावेल एवढा डबा, त्यातून निघणारी बारीक फायबर आणि पायाखाली एक फूटस्विच. अक्कलदाढेवरची वाढलेली हिरडी कापायची असेल तर रक्त जवळजवळ येत नाही आणि टाके सहसा लागत नाहीत. पेशंट खूश, डॉक्टर खूश.

माझी चुलत बहीण, जिला आम्ही सगळी भावंडं ताईच म्हणतो, आमच्या तालुक्याच्या गावी अशाच एका दवाखान्यात सहा वर्षांपासून असिस्टंट आहे. बारावीनंतर काकांची तब्येत बिघडली आणि ती कामाला लागली ती लागलीच. मी डिप्लोमाला असताना माझी परीक्षा फी दोनदा तिच्या पगारातून गेली आहे. हे सांगायचं कारण एवढंच, की पुढे जे लिहितोय त्यात मी अजिबात तटस्थ नाही.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझी अक्कलदाढ दुखायला लागली. ताई म्हणाली, "चल आमच्याकडे, डॉक्टर लेझरने दहा मिनिटांत करतात." गेलो. चेअरवर बसलो. डॉक्टरांनी डोळ्यांवर गडद हिरवट गॉगल चढवला, मला तसाच एक दिला आणि ताईने सक्शनची नळी हातात घेऊन आपला गॉगल घातला. तिचा नारिंगी होता. डॉक्टर सफाईदार आहेत, काम खरोखर दहा मिनिटांत झालं, थोडा जळका वास आला एवढंच. पण मी तिथे उताणा पडून त्या नारिंगी गॉगलकडे बघत होतो आणि डोक्यात ऑप्टिकल कम्युनिकेशनचा तिसरा धडा फिरत होता.

काम संपल्यावर मी तिला म्हटलं, "ताई, तुझ्या गॉगलवर काय लिहिलंय बघू?"

"काही नाही लिहिलेलं. सिमेंट पक्कं करायचा निळा लाइट असतो ना, त्याचा आहे हा."

"मग लेझरचा कुठाय?"

"तीन आले होते मशीनबरोबर. एकाची काडी मोडली. आता दोनच आहेत. एक डॉक्टरांना, एक पेशंटला."

आता इथे थोडा अभ्यास करायला लागेल. घाबरू नका, व्हायवा नाही घेत.

दातातली पांढरी फिलिंग कडक करायला जो लाइट वापरतात तो निळा असतो, साधारण ४५० ते ४८० नॅनोमीटरच्या आसपास. नारिंगी काच निळा रंग अडवते म्हणून तो गॉगल नारिंगी. पण डायोड लेझरची तरंगलांबी असते ८१०, ९४० किंवा ९८० नॅनोमीटर. म्हणजे अवरक्त, डोळ्याला न दिसणारी. नारिंगी काचेतून ती अशी आरपार जाते, जशी आपल्या होस्टेलच्या खिडकीच्या जाळीतून डासांची फौज. त्या किरणाबरोबर एक लाल ठिपका दिसतो, पण तो निशाण धरण्यासाठी मुद्दाम सोडलेला फक्त काही मिलिवॅटचा वेगळा किरण. दिसतो तो दुबळा आणि कापतो तो अदृश्य!

आणि अदृश्य म्हणूनच घातक. दिसणारा प्रखर प्रकाश डोळ्यात गेला तर पाव सेकंदात पापणी मिटते. दुसऱ्या वर्गाचे एक मिलिवॅटपर्यंतचे लेझर याच भरवशावर सुरक्षित मानले जातात. न दिसणाऱ्या किरणाला पापणी दाद देत नाही. शिवाय ४०० ते १४०० नॅनोमीटरचा प्रकाश बुबुळातून थेट आत जातो आणि डोळ्याचं भिंग तो पडद्यावर गोळा करतं. गणित करून पाहा: बाहुली ७ मिलिमीटर आणि पडद्यावरचा ठिपका २० मायक्रॉन. व्यासाचं गुणोत्तर ३५०, वर्ग केला की सव्वा लाखाच्या जवळ. म्हणजे निसर्गाने दिलेलं भिंग तीव्रता लाखपट करून ठेवतं. पडद्याला वेदना कळत नाही आणि तिथली जळलेली पेशी पुन्हा उगवत नाही. एटीकेटीत विषय सुटतो, दृष्टिपटल सुटत नाही.

ज्यांना हे पुस्तकी वाटतंय त्यांनी २०२३ चा गणेशोत्सव आठवावा. मिरवणुकीतल्या लेझर बीममुळे डोळ्यांना इजा झाल्याच्या बातम्या आल्या, नेत्रतज्ज्ञांनी कळकळीने आवाहनं केली आणि २०२४ च्या उत्सवात पुणे पोलिसांनी अशा बीमवर बंदीचा आदेश काढला. तिथे किरण निदान दिसत तरी होता.

लेझरचे वर्ग असतात. सर्वांत वरचा चौथा, अर्ध्या वॅटच्या पुढचा. ताईच्या दवाखान्यातलं यंत्र जास्तीत जास्त ३ वॅटचं, ८१० नॅनोमीटरचं, म्हणजे सरळ चौथा वर्ग. मग दारावर पाटी कुठे? मी विचारलं तर ताईने ड्रॉवर उघडला. माहितीपुस्तिकेच्या घडीत ती पिवळी पाटी जशीच्या तशी होती, वरचं पातळ प्लास्टिकही निघालेलं नव्हतं. गंमत म्हणजे शेजारच्या एक्स-रेच्या खोलीवर तीन पात्यांची किरणोत्सर्गाची खूण चकचकीत फ्रेम करून लावली होती! कारण सरळ आहे. एक्स-रे यंत्राला अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते, विचारणारं कोणीतरी असतं. ते मंडळ आयनीभवन करणाऱ्या किरणांचं. लेझर त्या जातीचा नाही, तो अणूतले इलेक्ट्रॉन उडवत नाही, म्हणून त्याची पाटी विचारायला तिथून कोणी येत नाही. जिची तपासणी होते ती पाटी भिंतीवर आणि जिची होत नाही ती ड्रॉवरमध्ये. आपल्या लॅबमधल्या अग्निशामक नळकांड्यांची कथा याहून वेगळी आहे का? असो.

त्या रात्री वहीचं मागचं पान काढलं आणि हिशोब मांडला. ८१० नॅनोमीटरचा किरण अपघाताने डोळ्यात गेला, तर दहा सेकंदांसाठी चालण्याजोगी मर्यादा आहे दर चौरस सेंटिमीटरला साधारण १.६ मिलिवॅट. फायबरच्या टोकातून किरण टॉर्चसारखा पसरत जातो, पसारा धरला २४ अंश. ३ वॅट पसरत पसरत त्या मर्यादेखाली यायला साधारण १ मीटर १५ सेंटिमीटर अंतर लागतं. त्याच्या आतला भाग धोक्याचा. खोलीचं दार चेअरपासून अडीच मीटरवर. म्हणजे दारात डोकावणाऱ्या माणसाला तसा फारसा धोका नाही.

मी पेन खाली ठेवलं आणि मग लक्षात आलं, की या हिशोबात ताई कुठे उभी असते? सक्शन धरणारा माणूस पेशंटच्या तोंडापासून हातभर अंतरावर. ४५ सेंटिमीटर धरा. तिथे तीव्रता येते दर चौरस सेंटिमीटरला १० मिलिवॅटच्या वर, मर्यादेच्या सहापटीहून जास्त. अर्थात किरण तोंडात, हिरडीकडे रोखलेला असताना तो तिच्या डोळ्यात जात नाही, हे खरं. पण तोंडात आरसा असतो, स्टीलची चकचकीत हत्यारं असतात, पेशंट दचकतो, फायबर बाहेर काढताना पाय फूटस्विचवर राहतो. सहा वर्षं रोज काम करणाऱ्या माणसाने एकदाही असं होणार नाही असं धरून चालायचं का? पेशंट त्या खोलीत वर्षातून एकदा येतो. डॉक्टरांना गॉगल आहे. पाटी, ती लावली असती तरी, दाराबाहेरच्यांना सांगणार. सगळ्यांत जास्त वेळ, सगळ्यांत जवळ, सगळ्यांत कमी पगारावर जी उभी आहे तिच्यासाठी त्या खोलीत काहीच नव्हतं.

ताईला सांगितलं तर ती आधी हसली, मग गप्प झाली. "तू डॉक्टरांशी काही बोलू नकोस हं," ती म्हणाली. "त्यांना वाटेल मीच तुला शिकवून पाठवलं. गावात दुसरा दवाखाना एकच आहे आणि तिथे मुलगी आहे कामाला."

हा खरा प्रश्न. तरंगलांबीचं गणित सुटतं, या वाक्याचं सुटत नाही.

दोन दिवस आमचं यावर चाललं. शेवटी तीच म्हणाली, "मी बोलते. पण तू मागे उभा राहा आणि ते विचारतील तेवढंच सांग." दाढ दाखवायला पुन्हा जायचंच होतं. ताईने डॉक्टरांना सरळ विचारलं, "सर, या गॉगलने लेझर अडतो का?"

डॉक्टर म्हणाले, "अडत असेल की. रंगीत काच आहे."

मी बाहेरच्या टीव्हीचा रिमोट आणला. रिमोटच्या टोकाचा छोटा दिवा अवरक्त असतो, सहसा ९४० नॅनोमीटरच्या आसपास. डोळ्याला दिसत नाही, पण मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्याला बहुतेक वेळा दिसतो. कॅमेऱ्यासमोर रिमोटचं बटण दाबलं, पडद्यावर पांढरट जांभळा ठिपका लुकलुकला. मध्ये ताईचा नारिंगी गॉगल धरला. ठिपका तसाच. मग डॉक्टरांचा गॉगल धरला, ज्याच्या काडीवर बारीक अक्षरात '८०० ते १०००, ओडी ५+' असं छापलेलं होतं. ठिपका गायब. (ओडी ५ म्हणजे एक लाखातला एकच भाग पलीकडे जातो. भिंग लाखपट करतं, गॉगल लाखाने भागतो. निसर्गाचा आणि माणसाचा हिशोब इथे बरोबर जुळतो.) इथे एक सांगायला हवं, की रिमोटच्या चाचणीत नापास झालेल्या गॉगलवर भरवसा ठेवायचा नाही. पास झालेला मात्र पास म्हणता येत नाही, कारण रिमोट कुठे आणि ३ वॅट कुठे! खरा दाखला काडीवरच्या आकड्यांचाच.

डॉक्टर बराच वेळ रिमोटकडे बघत राहिले. मग म्हणाले, "गॉगल मागवतो. पण ती पाटी मी मुद्दामच लावली नाही. पेशंट घाबरतात रे. दातांच्या डॉक्टरच्या दारावर 'धोका' लिहिलं तर माणूस चप्पल न काढताच परत जाईल. वर 'रेडिएशन' लिहिलंय. त्यांना वाटतं कॅन्सर होईल."

मला वाटलं होतं मी फार मोठा मुद्दा घेऊन आलोय. पण त्यांचाही मुद्दा होता आणि तो खोटा नव्हता. ती पाटी इंग्रजीत होती. अर्थ एवढाच, की दृश्य-अदृश्य लेझर किरण, थेट किंवा विखुरलेला किरण डोळ्यावर वा कातडीवर येऊ देऊ नका. वाचता न येणाऱ्याला नुसतं भय आणि वाचता येणाऱ्याला पुढे काय करायचं ते कळत नाही. 'रेडिएशन'चं मराठी 'किरणोत्सर्ग' केलं तर आणखी घोटाळा, कारण तो शब्द आपल्या मनात अणुबॉम्बशी बांधलेला. पाटीने घाबरवून चालत नाही, पाटीने काम सांगायला हवं.

मग ताई, डॉक्टर आणि मी असे तिघे बसलो आणि ड्रॉइंग शीटच्या तुकड्यावर मराठी पाटी तयार केली. वर तोच पिवळा त्रिकोण, कारण ती खूण जगभर एकच हवी. त्याखाली:

'आत लेझर उपचार सुरू आहेत. थांबा. दार वाजवा. आत बोलावल्यावर दाराजवळचा चष्मा घालूनच या.'

सगळ्यात खाली बारीक अक्षरात: 'वर्ग ४, ८१० नॅनोमीटर, ३ वॅट.' डॉक्टर म्हणाले, आकडे कशाला, पेशंटला काय कळणार? ताईनेच उत्तर दिलं, "मला कळेल ना सर. नवीन गॉगल आला की मी पाटीवरचा आकडा आणि काडीवरचा आकडा जुळवून बघीन." त्या वाक्यासाठी मी तिला मनातल्या मनात पैकीच्या पैकी मार्क दिले. आकडे जुळवणं महत्त्वाचंच आहे. दात कोरणाऱ्या एर्बियम-यॅगची तरंगलांबी २९४० नॅनोमीटर, कार्बन डायऑक्साइड लेझरची १०६००. एकाचा गॉगल दुसऱ्याला चालेलच असं नाही. उद्या दवाखान्यात दुसरं यंत्र आलं तर पाटीही बदलायला हवी.

पाटी दुहेरी केली. मागची बाजू कोरी. काम सुरू होताना ताई ती पिवळी बाजू बाहेर करते, संपलं की उलटवते. हा नियम आमचा नाही, लेझरच्या सुरक्षेत तो जुनाच आहे, की पाटी लेझर चालू असतानाच दिसावी. कारण चोवीस तास टांगलेली पाटी चार दिवसांत भिंत होऊन जाते. भिंत कोणी वाचत नाही. शिवाय दारातल्या काचेला पडदा लावला, कारण ८१० नॅनोमीटर साध्या काचेतून आरामात जातो आणि लहान मुलं नाक चिकटवून आत बघतात. माझ्या हिशोबात दार धोक्याच्या बाहेर होतं खरं, पण तो हिशोब पसरणाऱ्या फायबरचा. हँडपीस बदलला, किरण कमी पसरला तर अंतर वाढतं. शिवाय दार धाडकन उघडलं की आतल्या डॉक्टरांचा हात हलतो, हे गणितात कुठे येतं?

गॉगल तीन आठवड्यांनी आला. किंमत आपल्या दोन महिन्यांच्या मेस बिलाएवढी. तोवर ताईने एक काम केलं, तिने सांगून टाकलं की गॉगल येईपर्यंत लेझर चालू असताना ती सक्शनला उभी राहणार नाही. हे बोलताना तिचा आवाज कापत होता म्हणे, पण डॉक्टर "बरं" म्हणाले. नोकरी गेली नाही. जाऊ शकली असती, हेही खरं. सगळ्याच ठिकाणी समोरचा माणूस "बरं" म्हणत नाही.

आता हे सगळं कॉलेजच्या अंकात का? कारण आपण उद्या अशी यंत्रं बनवणार आहोत, विकणार आहोत, बसवून देणार आहोत. ज्याने ते यंत्र त्या दवाखान्यात बसवलं तोही कुठल्या तरी कॉलेजचा इंजिनिअर असणार. त्याने फूटस्विच जोडून दाखवला, फायबर कशी तोडायची ते दाखवलं, सही घेतली आणि शेवटची बस पकडली. पाटी ड्रॉवरमध्ये गेली. त्याने फक्त पाच मिनिटं जास्त थांबून विचारलं असतं, "या खोलीत एकूण माणसं किती असतात?" तर तीन गॉगलचं महत्त्व सगळ्यांना कळलं असतं. डिझाइनमध्ये आपण 'युजर' म्हणतो तेव्हा आपल्या डोळ्यांसमोर बटण दाबणारा येतो. शेजारी नळी धरून उभी असलेली ताई येत नाही.

आपल्या फिजिक्स लॅबमध्ये विवर्तनाच्या प्रयोगाला हेलियम-निऑन लेझर असतो, ६३२.८ नॅनोमीटर, लाल. तो छोटा आहे. पण पुढच्या टर्मला प्रयोगाला जाल तेव्हा नळीवर चिकटवलेलं ते पिवळं लेबल एकदा वाचा, वर्ग कुठला, शक्ती किती. आणि लॅबमधले मामा, जे आपल्या आधी येऊन रोज ते यंत्र चालू करून ठेवतात, त्यांना ते लेबल कोणी कधी मराठीत समजावून सांगितलंय का, एवढं विचारा. नसेल तर तुम्ही सांगा. त्याला ना बजेट लागतं, ना प्राचार्यांची सही.